मिस्त्रीणबाई आणि मागचं चाक

ट्रॅक्टर फाटकातून आत आला तेव्हा मिस्त्रीणबाई अंगणातल्या नळाखाली भांडी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. करायची गरजच नव्हती. इंजिन धापा टाकत का होईना चालत होतं, पण मागच्या डाव्या चाकाच्या दर फेऱ्याला 'कटक' असा आवाज येत होता, म्हाताऱ्या माणसाचा गुडघा वाजावा तसा. मागचा अ‍ॅक्सल ढिला झालाय, हे बाईंना पातेल्यावरचा हात न थांबवता कळलं. आणि हे काम शेवटी आपल्याच कंबरेवर येणार, हेही कळलं.

ट्रॅक्टरवरून आत्ताचराव उतरले. त्यांचं खरं नाव आता त्यांच्या घरच्यांनाच तेवढं आठवत असेल. या गृहस्थांना प्रत्येक गोष्ट 'आत्ताच' हवी असायची. न्हाव्याकडे गेले तर खुर्चीत दुसऱ्याच्या तोंडाला साबण लागलेला असताना विचारायचे, "आत्ताच होईल ना?" त्यातला 'राव' लोकांनी मागून जोडला, आदर म्हणून.

"मिस्त्री, हे चाक बघा," आत्ताचराव म्हणाले. "वळताना असं आत येतं की मडगार्डला घासतं. ब्रेक तर लागतच नाही. आत्ताच होईल ना?"

मिस्त्री शेडच्या दारात बाकावर बसले होते. उजवा हात नेहमीसारखा खिशात. "होईल की," ते म्हणाले. "ठेवून जा."

नळाखाली पातेलं जरा जोरात आपटलं गेलं. पण ते आत्ताचरावांना ऐकू गेलं नाही, आणि मिस्त्रींना ऐकू जाऊनही गेलं नाही.

लग्न होऊन बाई या घरात आल्या तेव्हा पुढे पत्र्याची शेड होती आणि मागे दोन खोल्या. मधे एकच दार. त्या दारातून डिझेलचा वास थेट अंथरुणापर्यंत यायचा. बाईंना शिवणकाम येत होतं. शिवणाचं मशीन त्यांनी माहेरून आणलं होतं, आणि मागच्या खोलीत खिडकीपाशी बसून आपण चार घरचे कपडे शिवू, असं त्यांच्या मनात होतं. पहिल्याच आठवड्यात शेडमधून हाक आली, "अगं, जरा दिवा धर." त्या दिवा धरायला गेल्या त्या गेल्याच. आज दिवा धर, उद्या पाना धर, परवा हे टोक धर, मी तिकडून ठोकतो. नवरे बायकांना लाडाने काय काय म्हणतात, मिस्त्री म्हणायचे, "धर." या संसारात सगळ्यात जास्त वेळा बोलला गेलेला शब्द तोच असेल.

धरता धरता बाई शिकल्या. शिकवलं कुणी नाही, विचारलंही कुणी नाही. कुठला नट कुठल्या बाजूला फिरतो, गंजलेला बोल्ट तुटायच्या आधी कसा कुरकुरतो, हे त्यांच्या हातात आपोआप उतरलं. आवड म्हणाल तर कधीच नव्हती. ग्रीस नखांतून निघत नसे, आणि लोकांकडे पाहुणी म्हणून गेल्या की त्या हात मांडीखाली घेऊन बसायच्या. लोक त्यांना मिस्त्रीणबाई म्हणायचे ते मिस्त्रींची बायको म्हणून. त्यात दुसरा अर्थ कुणी धरत नव्हतं, बाईसुद्धा नाही.

मग मिस्त्रींचा हात थरथरायला लागला. आधी चहाचा कप वाजायचा. मिस्त्री म्हणायचे, बशीच वाकडी आहे. नंतर बारीक पिना हातातून पडायला लागल्या. भर उन्हाळ्यात गिऱ्हाइकाला ते सांगायचे, "आज गारठा आहे जरा." डॉक्टरांनी कंपवात म्हणून सांगितलं आणि गोळ्या दिल्या. गोळ्यांनी थरथर थोडी कमी झाली आणि झोप खूप वाढली. तेव्हापासून दुपारी मिस्त्री आडवे झाले की बाई हळूच शेडमध्ये जायच्या आणि त्यांनी सकाळी बसवलेले नट एकेक करून पुन्हा आवळायच्या. कुणाचं चाक रस्त्यात निघालं तर? हा घोर एकट्या बाईंनाच होता. दुपारची पाठ टेकायची वेळ गेली ती गेलीच.

लांब राहणारी मुलगी फोनवर म्हणायची, "आई, बंद करा ना आता ते सगळं. इकडे या दोघं."

"तुझे बाबा ऐकतील का?"

"आणि तू? तू तरी ऐकतेस का?"

त्या म्हणायच्या, "दूध उतू चाललंय गं," आणि फोन ठेवायच्या.

आत्ताचराव गेल्यावर बाई हात पुसत शेडमध्ये आल्या. "विचारायचं तरी मला!"

"त्यात काय विचारायचं? अ‍ॅक्सलच तर आहे."

"आणि चाक उतरवणार कोण?"

"मी आहे ना."

बाईंनी नवऱ्याकडे एकदा पाहिलं. "हो, तुम्ही आहातच," म्हणाल्या, आणि खुंटीवरचा मिस्त्रींचा जुना शर्ट अंगावर चढवून जॅक ओढायला गेल्या.

पुढच्या चाकांना पाचरी मारल्या. मागे जॅक लावून ट्रॅक्टर उचलला आणि खाली लाकडी ओंडके सरकवले, कारण जॅकच्या भरवशावर ट्रॅक्टरखाली हात घालायचा नाही हा या शेडचा पहिला नियम होता. अधांतरी चाक बाईंनी वरखाली धरून हलवलं. कटक, कटक. चाक नुसतं डुलत नव्हतं, दार उघडमीट करावं तसं आत-बाहेर होत होतं. रिमच्या आतल्या बाजूने तेलाचे ओघळ आले होते. ब्रेक का लागत नव्हता ते तिथंच कळलं.

चाकाचे नट जन्माचे गंजलेले. पान्याला लांब पाइप लावून बाई त्या पाइपवर उभ्या राहिल्या, आणि अंगाचं सगळं वजन टाकून, उड्या मारून, एकेक नट सोडवला. मिस्त्री बाकावरून हुकूम सोडत होते. "डावीकडचा आधी. अगं, डावीकडचा! घाई करू नकोस."

"घाई कोण करतंय? मला उडी मारायची हौस आलीय," बाई धापा टाकत म्हणाल्या.

चाक निघालं. माणसाच्या खांद्याला लागेल एवढं ते धूड पहारीने रेटत रेटत भिंतीला टेकवलं. ड्रम काढला, आत ब्रेक तेलात भिजून काळेठिक्कर पडले होते. मग अ‍ॅक्सल ओढायचा. त्याला मिस्त्रींची जुनी युक्ती होती: तोच ड्रम उलटा करून नटांवर सैल अडकवायचा, आणि दोन्ही हातांनी धरून बाहेर हिसके द्यायचे. हिसक्याला हिसका देत बाईंचे खांदे उतरायला आले तेव्हा कुठे अ‍ॅक्सल सुटला आणि तेलाने माखलेला, लांबलचक, बाहेर आला.

दोघांनी तो उजेडात नेऊन पाहिला. बेअरिंगला जागेवर दाबून धरणारं एक जाड लोखंडी कडं असतं, त्याला कॉलर म्हणतात. ती कॉलर सैल होऊन सरकली होती, आणि मोकळं सुटलेलं बेअरिंग वर्षभर तरी तिथं धिंगाणा घालत असणार. पण अ‍ॅक्सलचा दांडा शाबूत होता. मिस्त्रींनी त्यावरून डावा हात फिरवला, बराच वेळ. त्यांचा चेहरा किती तरी दिवसांनी उजळला.

"वाचलं बघ," ते म्हणाले.

बेअरिंग, तेल अडवणारं सील, कॉलर, ब्रेकचे लायनर असं सामान आणायला आत्ताचरावांना शहरात पिटाळलं. या एका कामात त्यांच्या घाईचा उपयोग झाला. दुसऱ्या दिवशी बाई चहा गाळत होत्या तोच ते सामान घेऊन दारात हजर. "आता आत्ताच..." त्यांनी सुरुवात केली. "संध्याकाळी या," बाई म्हणाल्या, आणि आतून असा काही आवाज लावला की आत्ताचराव आल्या पावली परत फिरले.

बाईंची रात्र काही नीट गेली नव्हती. या कुशीवर वळावं तर खांदा, त्या कुशीवर वळावं तर कंबर. सकाळी हात वर करून केस बांधता येईनात, तेव्हा त्यांनी नुसताच एक रुमाल गुंडाळला. अशा अवस्थेत त्यांनी नवं बेअरिंग पुसलं, तेल लावलं आणि अ‍ॅक्सलवर चढवायला घेतलं.

"थांब!" मिस्त्री इतक्या जोरात ओरडले की बाईंच्या हातून बेअरिंग सुटता सुटता राहिलं. "प्लेट! आधी प्लेट आणि सील!"

बाईंनी पाहिलं. जुन्या बेअरिंगबरोबर काढून ठेवलेली ब्रेकची मागची प्लेट भिंतीपाशी तशीच पडली होती. ती आधी अ‍ॅक्सलवर घालायची, मग बेअरिंग. एकदा बेअरिंग आणि कॉलर बसल्यावर ती घालायला वाटच उरत नाही. मग नवी कोरी कॉलर छिन्नीने फोडून सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं. बाई मटकन खाली बसल्या. मिस्त्रींनी पायानेच प्लेट बाईंकडे सरकवली.

कॉलर बसवायची म्हणजे ती भट्टीत तापवायची. तापली की ती फुगते, तेवढ्यात अ‍ॅक्सलवर सोडायची. थंड झाली की अशी आवळून बसते की पुन्हा सुटायचं नाव नको. पण अर्ध्यात अडकली तर अडकली. आजवर हे काम मिस्त्रींनी केलं होतं, बाईंनी फक्त अ‍ॅक्सल उभा धरला होता. आज अ‍ॅक्सल खांबाला बांधला. सांडशी बाईंच्या हातात, आणि मिस्त्री भट्टीजवळ वाकून लोखंडाचा रंग बघत होते.

"अजून नाही. पिवळी पडतेय... पडू दे. तांबूस झाली. अजून थोडं. निळी... हां, आता! सोड!"

बाईंनी सोडली. कॉलर दांड्यावरून सर्रकन खाली गेली आणि बेअरिंगवर टेकली. वरून पाइप घालून बाईंनी दोन ठोके दिले. दोघंही तिच्या थंड होण्याकडे बघत राहिले. मग मिस्त्री म्हणाले, "झकास." बाईंना हसू आलं. एवढ्या दिवसांत ते दोघं एकाच गोष्टीकडे असे बघत उभे राहिले नव्हते.

इथवर सगळं ठीक होतं. अडलं ते पुढे.

अ‍ॅक्सल आत घालताना कागदासारख्या पातळ पत्र्याच्या चकत्या प्लेट जिथं बसते त्या जोडात घालाव्या लागतात. एक जास्त झाली तर अ‍ॅक्सल आत-बाहेर खेळतो, एक कमी झाली तर बेअरिंग आवळलं जातं आणि चाक जड फिरतं. किती चकत्या घालायच्या हे हाताला कळतं. एकाने अ‍ॅक्सल ढकलायचा आणि ओढायचा, दुसऱ्याने जोडावर बोटं ठेवून बघायचं. ती बोटं कायम मिस्त्रींची असायची. त्याबाबतीत त्यांची ख्याती होती.

बाईंनी सगळं आवळलं. मिस्त्रींनी उजवा हात खिशातून काढला, जोडावर ठेवला आणि डोळे मिटले. "ढकल. ओढ. पुन्हा ढकल." त्यांच्या कपाळाला आठी पडली. "ढिला आहे."

बाईंना तर काहीच हललेलं जाणवलं नव्हतं. "नीट बघा."

"बघितलं नीट. एक चकती काढ."

एक चकती काढायची म्हणजे सगळे नट सोडायचे, पुन्हा तो उलटा ड्रम, पुन्हा ते हिसके. बाईंनी ते केलं. का केलं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. वाद घालण्यापेक्षा नट सोडणं सोपं होतं, एवढंच. चकती काढली, अ‍ॅक्सल घातला, नट आवळले. हाताने फिरवून पाहिला तर तो फिरेना. बेअरिंग पार आवळलं गेलं होतं.

मिस्त्रींनी हात ठेवला. "ढकल. ओढ." त्यांनी बोटं आणखी दाबून पाहिली. "अजून हलतोय."

"अहो, हा फिरत नाहीये."

"हलतोय म्हणतो ना मी! माझी बोटं खोटं सांगतात का? काढ अजून एक."

बाई उठल्या नाहीत. त्यांच्या अंगात आता त्राण नव्हतं. ओरडायला लागतं तेवढंही नव्हतं. मनात आलं, 'हो' म्हणावं, खोटंच खाटखूट करावं, आणि हे झोपले की आपल्या मनासारखं बसवावं. तसंच तर चाललं होतं. पण आणखी एकदा अ‍ॅक्सल काढायचा, आणि तोही चोरून, या विचारानेच त्यांना रडू यायला लागलं. त्यांनी मिस्त्रींचा उजवा हात मनगटाला धरला, त्यांना कोपऱ्यातल्या ऐरणीपाशी नेलं आणि तो हात ऐरणीवर ठेवला. चार माणसांनी उचलायची ती ऐरण.

"डोळे मिटा," बाई म्हणाल्या. "आता सांगा. ऐरण हलतेय का?"

मिस्त्रींनी डोळे मिटले. शेडमध्ये पत्रा उन्हाने तडकत होता, तेवढाच आवाज. त्यांच्या बोटांची नखं लोखंडावर बारीक टकटक करत होती.

"हलतेय," मिस्त्री म्हणाले.

बाईंनी त्यांचा हात सोडला. बोलून गेल्यावर, करून गेल्यावर जसं होतं तसं त्यांना झालं. हे करायला नको होतं, असं वाटलं. कुणा परक्यानेसुद्धा इतकं उघडं पाडू नये माणसाला. पण मिस्त्री चिडले नाहीत. ते ऐरणीच्या ठोकळ्यावरच बसले.

"दुपारी तू नट आवळतेस ना," ते जमिनीकडे बघत म्हणाले, "पान्याचा आवाज येतो आत."

"तुम्ही झोपलेले असता."

"पडलेला असतो."

वर्षभर बाई मांजरीच्या पावलांनी शेडमध्ये येत होत्या, आणि हे आत पडून प्रत्येक नट मोजत होते.

"मग बोलला का नाहीत?"

"तू का नाही बोललीस?" मिस्त्रींनी हात पुन्हा खिशात घातला. मग म्हणाले, "आधी होता तेव्हा तुला कसा वाटला? त्या चकतीसकट?"

आजवर त्यांनी बाईंना असं कधी विचारलं नव्हतं. "बरोबर होता," बाई म्हणाल्या.

"नक्की?"

"नक्की."

"मग घाल परत ती चकती," मिस्त्री म्हणाले आणि उठून मागच्या खोलीत गेले.

बाईंनी तिसऱ्यांदा अ‍ॅक्सल ओढला. चकती घातली, नट आवळले, ब्रेकला नवे लायनर बसवले, ड्रम चढवला. चाक मात्र एकटीला चढेना. पहारीने उचलावं तर भोकं जुळत नव्हती, भोकं जुळावीत तर पहार निसटत होती. तेवढ्यात पाठीमागून कुणीतरी चाकाला खांदा लावला. मिस्त्री होते. हाताने नाही, नुसत्या खांद्याने त्यांनी ते धूड रेटून धरलं, आणि बाईंनी पहिला नट अडकवला.

संध्याकाळी आत्ताचरावांनी ट्रॅक्टर रस्त्यावर एक फेरी मारून आणला. आवाज नाही, डुलणं नाही, ब्रेक जागच्या जागी. "मिस्त्री, काय बसवलाय हो! लोण्यासारखा फिरतोय!"

"मी नाही बसवला," मिस्त्री दारातून म्हणाले. "हिनं बसवला."

आत्ताचराव खो खो हसले. "तुम्ही पण ना, मिस्त्री!" असं म्हणून मिस्त्रींच्याच पाठीवर थाप मारून, मिस्त्रींचेच आभार मानून निघून गेले. फाटकाबाहेरसुद्धा त्यांचं हसणं ऐकू येत होतं. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. वाटून घ्यायला लागते ती ताकदच शिल्लक नव्हती. जेवण तयार होतं, पण घास उचलवेना. मिस्त्रींनी डाव्या हाताने गरम पाण्याची पिशवी भरून आणून त्यांच्या कंबरेशी ठेवली, निम्मं पाणी वाटेत सांडलं होतं, आणि ओली फरशी पुसायला त्या उठणार तोच म्हणाले, "राहू दे. वाळेल."

आपण आता सुटलो, असं बाईंना त्यानंतर वाटायला हवं होतं. चोरी संपली होती. दुपारी नट आवळायला जावं लागत नव्हतं, कारण ते सकाळीच त्यांच्या हातून आवळले जात होते. मिस्त्री बाकावर बसून इंजिनाचा आवाज ऐकत, लोखंडाचा रंग सांगत, क्वचित चुकत. गिऱ्हाइकांना ते सरळ सांगायला लागले, "माझा हात गेला. हिला दाखव." काही लोक दुसरीकडे गेले. बरेचसे आले. मुलीला फोनवर हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे तू आता आणखीच अडकलीस."

"तसंच काहीसं," बाई म्हणाल्या. या वेळी त्यांनी दुधाचं निमित्त सांगितलं नाही. म्हणाल्या, "पुढच्या महिन्यात येते. आठ दिवस. शेडला कुलूप लावून दोघंही येतो."

"बाबा तयार आहेत?"

"त्यांना अजून विचारायचंय. पण विचारलं की आता ऐकून घेतात."

फोन ठेवून त्या चटईवर आडव्या झाल्या. उन्हं अजून वरच होती, पाठ नुकती टेकली होती, पायांतली ठणक हळूहळू उतरत होती. पुढे शेडमध्ये कुणीतरी पाण्याचा पंप धप्पकन जमिनीवर ठेवला.

"मिस्त्रीणबाई आहेत का?" एक अनोळखी आवाज विचारत होता.

"आहेत," मिस्त्री म्हणाले. "पण आत्ता पडल्यात जरा. बस. येतील."

बाईंनी डोळे मिटले. उठायचं होतंच. त्या थोडा वेळ तशाच पडून राहिल्या, आणि मग कुशीवर वळून, एक हात जमिनीला टेकवून, उठल्या.